कुलूपवाल्या अक्का

माझ्यासमोर कुणी पासवर्ड टाकायला लागलं की माझी मान आपोआप भिंतीकडे वळते. बँकेत वळते, मुलीच्या ऑफिसात वळते, अगदी घरी बायको तिच्या मोबाइलशी खटपट करत असली तरी वळते. बायको म्हणते, "एवढं काय आहे त्या भिंतीवर?" भिंतीवर काही नसतं. ही खोड मला शिवलीला अक्कांनी लावली, आणि त्यांनी लावलेली खोड या जन्मी सुटेल असं मला वाटत नाही.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी बावीस वर्षं काढली, लॅबमध्ये. भट्टीतून एका वेळी जेवढा लोखंडाचा रस निघतो त्याला आमच्यात 'हीट' म्हणतात. प्रत्येक हीटचा नमुना लॅबमध्ये यायचा, आम्ही तो तपासायचा, आणि आम्ही 'ठीक' म्हटलं तरच त्या रसातून ओतलेले भाग, म्हणजे जॉब, पुढं जायचे. मी नोकरीला लागलो तेव्हा हे सगळं कागदावर चालायचं आणि अक्का गेटजवळच्या खोलीत टेलिफोन बोर्डावर बसायच्या. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, अंगावर बहुतेक वेळा इरकली लुगडं. गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, घरात कानडी, बाहेर मराठी. कोल्हापुरातल्या पुष्कळ बायकांसारख्या त्याही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या. धाकट्या माणसाला त्या 'तम्मा' म्हणायच्या, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मलाही पहिल्या दिवसापासून तम्माच करून टाकलं. आवाज असा की फोन केला नाही तरी पलीकडच्या माणसाला ऐकू जावा.

त्या शाहूपुरीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. लग्न झालं नव्हतं की होऊन मोडलं होतं, हे फौंड्रीत कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारायची माझी छाती झाली नाही. एकदा आमच्या पर्सोनेलच्या साहेबांनी चहाच्या नादात विचारलं, तर अक्का म्हणाल्या, "साहेब, साखर कमी पडली काय च्यात?" साहेबांनी कप उचलला आणि दुसरीकडं जाऊन बसले.

बोर्डावर बसणाऱ्या माणसाला कारखान्यातलं सगळं कळतं. कुणाची बोलणी कुठं चाललीत, कोण नोकरी बदलायच्या बेतात आहे, युनियनचा माणूस कुणाला फोन लावतोय. अक्कांना हे सगळं कळत होतं आणि त्यांच्या तोंडून कधी काही बाहेर पडलं नाही. एकदा म्हणे खुद्द मालक बोर्डाच्या खोलीत आले आणि सहज विचारल्यासारखं करून म्हणाले, "अक्का, आमचे चिरंजीव हल्ली दुपारी कुणाशी एवढं बोलतात?"

अक्का उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मालक, उद्या चिरंजीवांनी येऊन इचारलं, आमचं वडील कुणासंगं बोलालते, तर त्यास्नी सांगू काय?"

मालक हसले आणि निघून गेले. पण ते वाक्य त्यांनी गाठीला बांधून ठेवलं असणार. कारण नव्वदीच्या सुरुवातीला फौंड्रीत संगणक आला, आणि तो कुणाच्या ताब्यात द्यायचा म्हणून आम्ही इंजिनिअर मंडळी कॉलर ताठ करून बसलो असताना मालकांनी सांगितलं, "मशीन अक्का बघतील."

आमची तोंडं काय झाली असतील ती सांगत नाही. मी तर घरी येऊन जेवलो नाही. मॅट्रिक झालेली, बोर्डावर बसणारी बाई, आणि तिच्या हातात युनिक्सचं मशीन! अक्का तीन आठवडे पुण्याला जाऊन शिकून आल्या. येताना जाड वही भरून टिपणं आणली, निम्मी मराठीत, निम्मी कानडी अक्षरांत. ती वही कुणी चोरली असती तरी त्याच्या बापाला वाचता आली नसती.

मशीन वरच्या मजल्यावर एका खोलीत होतं. त्याच्या वायरी खाली सगळीकडं गेल्या होत्या, आणि लॅब, भट्टी, पॅटर्न शॉप, डिस्पॅच असे एकेक पडदे आणि कीबोर्ड बसवले होते. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड. महिना झाला की मशीन पासवर्ड बदलायला लावायचं आणि तीनदा चुकला की दार बंद. मग जिना चढून अक्कांकडं जायचं. अक्का दार उघडून द्यायच्या, पण आधी पाच मिनिटं बोलायच्या. खोलीच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवून लावली होती: 'नाव तुमचं, जबाबदारी तुमची.' नवा पासवर्ड टाकायला बसवलं की स्वतः उठायच्या, भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "टाक." मालक एका बोटानं टाइप करायचे. त्यांना दोन मिनिटं लागायची. तेवढा वेळ अक्का भिंतीला नाक लावून उभ्या. एकदा मी लाडात येऊन म्हणालो, "अक्का, तुमच्यापासून काय लपवायचं? माझा पासवर्ड आहे..." तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि अशा काही ओरडल्या की खाली मोल्डिंगवाले वर बघायला लागले.

फ्लॉपी घेऊन त्या खोलीत कुणाला शिरता येत नसे. दाराशी चपला काढायच्या आणि फ्लॉपी शेजारच्या ताटलीत ठेवायची. कोपऱ्यात एक जुना संगणक होता, कुठल्याच वायरीला न जोडलेला. त्याच्यावर अक्का फ्लॉपी तपासायच्या आणि मगच परत द्यायच्या. मुंबईहून एक मोठे पाहुणे आले होते, मालकांच्या बरोबरीचे. त्यांनी खिशातून फ्लॉपी काढली आणि सरळ आत निघाले. अक्का दारात आडव्या. "पावणं, ती हितं ताटलीत." पाहुणे चमकून म्हणाले, "बाई, मी कोण आहे माहीत आहे का?" अक्का म्हणाल्या, "तुमी कोण ते म्हाईत हाय. तिच्यात काय हाय ते म्हाईत न्हाई." तपासल्यावर त्या फ्लॉपीत खरंच एक व्हायरस निघाला. पाहुण्यांनी जाताना अक्कांना नमस्कार केला.

आणि हेही सांगायला हवं की त्यांच्या या कडकपणापायी कधीकधी आमचे हाल व्हायचे. मशिनीत एक मुख्य नाव असतं, त्याला रूट म्हणतात. त्या नावानं आत गेलं की कुणाचंही दार उघडता येतं आणि कुणालाही बाहेर काढता येतं. तो पासवर्ड एकट्या अक्कांना ठाऊक. एकदा मशीन अडलं आणि पुण्याच्या कंपनीतून इंजिनिअरचा फोन आला: रूटचा पासवर्ड सांगा, इथूनच दुरुस्त करतो. अक्कांनी "कशावरनं तू तोच हाईस?" म्हणून फोन ठेवून दिला. तो बिचारा खराच निघाला. दुसऱ्या दिवशी एस.टी.नं सहा-सात तास धक्के खात आला, लालबुंद होऊन. तोवर आम्ही सगळे कागदावर लिहीत बसलो होतो. अक्कांनी आधी त्याचं ओळखपत्र उजेडात धरून नीट वाचलं, मग स्वतःच्या डब्यातली शेंगाची पोळी त्याच्या पुढं ठेवली आणि म्हणाल्या, "तम्मा, राग आला असंल तर खाऊन राग कर." तो जाताना त्यांच्या पाया पडला. माणसाला आधी रडवायचं आणि मग खायला घालायचं, ही त्यांची रीतच होती.

फ्लॉपीच्या या कारभाराला भट्टीवरचे घोरपडे फोरमन 'अक्कांचं सोवळं' म्हणायचे. घोरपडे म्हणजे मिशा, आवाज आणि मनानं मोकळा माणूस. लॅबमध्ये येऊन ते एकदा असंच म्हणाले आणि मोठ्यानं हसले. तेव्हा अक्का तिथंच उभ्या होत्या. आमचा कांबळेही होता. अक्कांनी कांबळेकडं एकदा बघितलं आणि घोरपड्यांना म्हणाल्या, "फोरमन, सोवळं माणूस बघून पाळत्यात. माझ्या दारात मालकाचा पावना आन झाडूवाला सारखाच. हे कुलूप हाय. पुन्यांदा त्याला सोवळं म्हणायचं न्हाई."

कांबळे आमच्या लॅबमधला केमिस्ट. रसायनशास्त्रात बी.एस्सी., हात अतिशय स्वच्छ, अक्षर छापल्यासारखं. वडिलांनी बौद्ध धर्म घेतलेला, गाव पन्हाळ्याच्या बाजूला. बोलायला कमी, पण कुणाच्याही मदतीला पहिला. आणि त्याचा पासवर्ड अख्ख्या फौंड्रीला ठाऊक.

हे असं होण्याला कारण आम्हीच. स्वतःचा पासवर्ड विसरला की जिना चढायचा आणि अक्कांचं ऐकून घ्यायचं. त्यापेक्षा कांबळेला विचारणं सोपं. शिवाय लॅबच्या नावानं आत गेलं की सगळ्या विभागांचे आकडे दिसायचे. "कांबळे, या महिन्याचा काय रं तुझा?" असं कुणी दारातनं विचारायचं आणि कांबळे हसून सांगायचा. विचारणारा "लई भारी, मर्दा!" म्हणून पाठीवर थाप मारून जायचा. मी त्याचा वरिष्ठ. मी ते थांबवायला हवं होतं. मी स्वतःच त्याच्या नावानं आत जात होतो.

अक्कांना हे कळल्याशिवाय कसं राहणार? कोण, कधी, कुठल्या पडद्यावरून आत गेलं याची यादी मशीन ठेवतं, आणि अक्का रोज सकाळी ती यादी बोटानं ओळ धरून वाचायच्या. एके दिवशी त्या लॅबमध्ये उतरल्या.

"कांबळे, काल सव्वाअकराला तू कुठं हुतास?"

"हितंच की, अक्का."

"मशीन म्हणतंय तू हितं हुतास, भट्टीवर हुतास आनि डिस्पॅचलाबी हुतास. तीन-तीन कांबळे कवा भरती केले मालकांनी?"

कांबळेनं नळ बंद केला. मग म्हणाला, "मागत्यात, अक्का. मग सांगतो."

"न्हाई म्हणायला तोंड न्हाई व्हय तुला?"

कांबळेच्या हातात काचेचं भांडं होतं. ते त्यानं पुसून जाग्यावर ठेवलं. "अक्का, आमच्या बापाला गावात पाणी वरनं ओतायची, ओंजळीत. तांब्याला हात लावू द्यायची न्हाईत. मी शाळेत हुतो, माझ्या डोळ्यांनी बगितलंय. आनि हितं फोरमन, पाटील, माळी, सगळी माझं नाव टाइप करून आत जात्यात. त्यास्नी मी न्हाई म्हणू? कसं म्हणू, तुमीच सांगा."

अक्कांनी यादी घडी करून कमरेला खोचली. त्या तशाच वर गेल्या. कांबळेचं दार त्यांनी बंद केलं नाही की कुणाला काही सांगितलंही नाही. मला वाटलं, सुटलो.

त्यानंतर दोनेक वर्षांनी ते प्रकरण झालं. आम्ही पुण्याच्या एका कारखान्याला पंपाचे भाग ओतून देत होतो. एक अख्खा ट्रक परत आला. लेथवर चढवल्याबरोबर जॉबना तडे जात होते. आमच्याकडं राखून ठेवलेला त्या हीटचा नमुना काढून तपासला, तर फॉस्फरस मर्यादेच्या बाहेर. म्हणजे ती हीट तपासलीच नव्हती. पण मशिनीत नोंद होती: हीट ठीक. वेळ दुपारी एक वाजून दहा मिनिटं. पडदा लॅबचा, नाव कांबळे.

पुण्याहून निरोप आला की जबाबदार माणसाचं नाव आणि त्याच्यावर काय कारवाई केली ते शनिवारपर्यंत लेखी कळवा, नाहीतर काम बंद. मालकांनी गुरुवारी सगळ्यांना बोलावलं, अक्कांच्याच खोलीत. मी त्या हीटच्या दिवशी रजेवर होतो, म्हणून माझी साक्ष कुणाच्या उपयोगाची नव्हती.

मालकांनी विचारलं, "कांबळे, नोंद तुझी?"

"न्हाई, साहेब. मी जेवायला गेलतो."

"मग तुझा पासवर्ड कुणी वापरला?"

कांबळेनं खाली बघितलं. त्याला माहीत होतं. नमुना कुणी पाठवला होता आणि कुणाला घाई होती, हे त्याला नक्की माहीत होतं. पण तो बोलला नाही. नाव घेतलं असतं तर त्याची नोकरी वाचली असती आणि पाठीवरची ती थाप कायमची गेली असती. मालकांनी भिंतीवरच्या पाटीकडं बोट दाखवलं. "हे वाचलंयस ना? मग तूच. शनिवारच्या पत्रात तुझं नाव जाईल. सोमवारपासून येऊ नकोस." कांबळेला दोन लहान मुली होत्या. तो "व्हय साहेब" म्हणाला.

मालकांनी अक्कांना विचारलं, "मशीनची नोंद बरोबर आहे ना?" अक्का म्हणाल्या, "नोंद बरोबर हाय. मला उद्याच्या दुपारपातूर येळ द्या." मी अक्कांच्या तोंडाकडं बघत होतो आणि मनातून त्यांना शिव्या देत होतो. यांच्याच पाटीनं माणूस मेला आणि या वेळ कसला मागतात!

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मला एका जुन्या हीटचे आकडे हवे होते. सवयीनं कांबळेचं नाव टाकलं. दार उघडेना. परत टाकलं, परत नाही. तिसऱ्यांदा मशीननं मला बाहेरच काढलं. मी जिना चढून वर गेलो. अक्कांच्या खोलीबाहेर लांब बाक होता, त्यावर डिस्पॅचचे माळी, पॅटर्नचे पाटील, स्टोअरचा शेख आणि आणखी एक जण बसले होते. आत जाऊन मी म्हणालो, "अक्का, मशीन आत घेत नाही."

"कुणाच्या नावानं गेलतास?"

"लॅबच्या," मी म्हणालो.

"कुणाच्या नावानं, तम्मा?"

"कांबळेच्या."

"बस तितं." त्यांनी बाकाकडं बोट केलं. मी जाऊन शेखच्या शेजारी बसलो. इतकी लाज मला शाळेतही कधी वाटली नव्हती.

साडेदहापर्यंत बाक भरला आणि दोघं-तिघं उभे राहिले. नऊ जण झालो. सगळ्यांत शेवटी घोरपडे फोरमन आले, घाम पुसत, "काय झालं ओ अक्का मशीनला?" म्हणत. त्यांनाही तोच प्रश्न आणि तोच बाक. मग अक्कांनी मालकांना बोलावलं आणि खालून कांबळेलाही. कांबळे आमच्याकडं बघत दारातच थांबला.

अक्का म्हणाल्या, "मालक, मी आज सकाळी आठाला कांबळेचा पासवर्ड बदलला, तर निम्मी फौंड्री अडली. उद्याच्या पत्रात कांबळेचं नाव घालायचं म्हणालता. हे बघा, नऊ हायत. ह्यातला कुठला कांबळे घालायचा ते तुमी सांगा."

मालक आमच्या तोंडांवरून नजर फिरवत राहिले. पाटील, माळी, शेख, जाधव, स्वामी, मी. कुणी मान वर करेना. माझ्याच मनात आलं की ज्याचं नाव आम्ही इतकी वर्षं रोज टाइप केलं, त्याच्यासाठी काल या खोलीत एकानंही तोंड उघडलं नव्हतं. त्यात मीही होतो.

घोरपडे पुढं आले. आवाज नेहमीचा नव्हता. "साहेब, ती हीट मी ठीक केलती. लॅबमदी कोण न्हवतं, जेवायची सुट्टी हुती, फुडचा माल खोळंबलाता. रोज ठीकच येतंय म्हणून तितल्याच पडद्यावर मीच टाकलं ठीक." मग ते कांबळेकडं वळले. "तुला ठावं हुतं की रं. बोलला का न्हाईस, लेका?"

घोरपड्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

अक्कांनी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. "मालक, पयला गुन्हा माझा. हे सगळं मला दोन वर्सं दिसालतं. कांबळेनं का दिलं ते मला ठावं हुतं, म्हणून मी सुम्म, गप बसलो. मला त्येचं वाईट वाटलं आनि मी माझं काम केलं न्हाई. काय करायचं ते मला करा."

त्या शनिवारी गेलेल्या पत्रात चूक कारखान्याची म्हणून लिहिलं होतं. कांबळेची नोकरी राहिली. घोरपडे आठ दिवस घरी बसले. अक्कांना मेमो मिळाला, आणि दुसरं कुणी नव्हतं म्हणून तो त्यांनीच टाइप केला, स्वतःच सही करून घेतला आणि स्वतःच फाइलला लावला. त्यातली शुद्धलेखनाची एक चूकही दुरुस्त केली.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती कुणाला सांगितलीही नसती. त्या दिवसापासून प्रत्येक जण आपापल्या नावानं आत जायला लागला. लॅबच्या दारात येऊन "काय रं तुझा?" विचारणारं कुणी राहिलं नाही. थाप नाही, "लई भारी" नाही. लोक कांबळेला टाळत होते असं नाही, आमची नजर वर होत नव्हती एवढंच. पण त्याला ते टाळणंच वाटलं असणार. एक दिवस अक्का लॅबमध्ये आल्या तेव्हा तो त्यांना म्हणाला, "अक्का, तुमी माझी नोकरी वाचवली. पन माझी माणसं गेली."

अक्कांनी ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या आपला डबा घेऊन खाली आल्या आणि कांबळेच्या टेबलाशी बसल्या. विचारलं नाही, सरळ त्याच्या डब्यातला खर्डा घेतला आणि आपली भाजी त्याच्यापुढं सरकवली. कांबळे म्हणाला, "उपकार म्हणून बसला असाल तर नका बसू, अक्का."

"कसला उपकार? माझ्या घरात मी एकटा जेवतो. तुझी बायको खर्डा बरा करती. बसू नगो म्हणत असशील तर उठतो."

"बसा," कांबळे म्हणाला.

पहिले काही दिवस दोघं न बोलता जेवायचे. मग मी डबा घेऊन तिकडं सरकलो. मग शेख. महिनाभरानं घोरपडे दारात घुटमळले. कांबळेनंच त्यांना स्टूल ओढून दिलं. पुढं त्या टेबलावर जागा मिळेनाशी झाली आणि आम्ही दोन पाळ्या करून जेवायला लागलो. अक्का निवृत्त होईपर्यंत तिथंच जेवल्या. मधल्या काळात कांबळेनं त्यांच्याकडून मशीनचं सगळं शिकून घेतलं. ती निम्मी कानडी वही वाचता यावी म्हणून तो कानडी अक्षरंही शिकला. अक्कांनी जाताना मालकांना एकच नाव सुचवलं, आणि मालकांनीही दुसरं विचारलं नाही.

तोवर दोन हजार साल मागं पडलं होतं. युनिक्सचं मशीन गेलं, प्रत्येक टेबलावर विंडोजचे संगणक आले, ईमेल आला. वरच्या खोलीत कांबळे बसायला लागला. अक्का निवृत्त झाल्यावर दीडेक वर्षानं एकदा फौंड्रीत आल्या. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका द्यायची होती. बारीक झाल्या होत्या, जिना चढताना दोनदा थांबल्या. दवाखाना चालू आहे एवढंच म्हणाल्या, कसला ते सांगितलं नाही. त्यानंतर पाचच महिन्यांत त्या गेल्या, म्हणून ती आमची शेवटची भेट.

त्या दिवशी अक्का आल्याचं कळलं तसे आम्ही सगळे वर गोळा झालो. माळी, शेख, पिकलेल्या मिशांचे घोरपडे. कांबळेनं अक्कांना आपल्या खुर्चीत बसवलं, चहा मागवला आणि स्वतः शेजारी उभा राहिला. अक्कांनी पडद्याकडं बघितलं. पडदा बंद होता आणि त्यावर पासवर्डची चौकट होती. त्यांनी कीबोर्डवर हात ठेवला आणि सहज म्हणाल्या, "तम्मा, तुझा पासवर्ड काय रं? वाईच आत जाऊन बघतो, काय-काय बदललंय."

आम्ही सगळे कांबळेकडं बघायला लागलो. या माणसाला कुणाला नाही म्हणता येत नव्हतं, आणि आज विचारत होत्या त्या अक्का.

"न्हाई सांगत, अक्का," कांबळे म्हणाला.

"मलाबी न्हाई?"

"तुमालाबी न्हाई. च्या घ्या, गार व्हतोय."

अक्कांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. कांबळे हसत होता, अगदी मोकळं, कुणी आपल्यापासून तुटेल याची जराही भीती नसलेलं. अक्कांचे डोळे भरले. पदरानं डोळे पुसून त्यांनी कप उचलला.

"आता मी सुटलो," असं म्हणून अक्कांनी चहा प्यायला.